बरणीभर चाखणं

४ मार्च

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस. सगळे जिवंत आहेत. फोन केला असता, पण आपलं घर दोन खोल्यांचं आणि तुझ्या मामांचे कान तुला माहीतच आहेत. आत कढईत तेल तापलं की त्यांना बाहेरच्या खोलीत बसून ऐकू येतं. म्हणून दुकानात, शिलाई मशीनच्या फळीवर कागद ठेवून लिहितेय. शेजारी शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय. राहू दे त्याला.

मामांच्या पायाला जखम झालीय. डाव्या पायाचं मधलं बोट. भटारखान्यात जड पातेलं सरकवताना लागलं म्हणे. मला सांगितलंच नाही. घरात मोजे घालून फिरायला लागले तेव्हा मला संशय आला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर साखर इतकी वाढलेली, की ते एकदा कागदाकडे आणि एकदा यांच्याकडे बघत बसले. म्हणाले, साखर खाली आली नाही तर जखम भरणार नाही, आणि जखम भरली नाही तर बोट काढावं लागेल. त्यापुढे पायाचंही सांगता येत नाही. येताना बसमध्ये हे एवढंच बोलले, "सॉस उभ्यानेच होतो गं. बसून नाही होत."

तुला काय सांगायचं? तळलेल्या माशावर यांचा संत्र्याचा सॉस पडला नाही तर गिऱ्हाईक ताट परत पाठवतं. सगळा रस्ता यांना 'सॉसमास्तर' म्हणतो. मालकाने तर हॉटेलच्या पाटीवरही एक मोठं संत्रं रंगवून घेतलंय.

आता मात्र यांनी सगळं सोडलंय. चहा बिनसाखरेचा, भात मी मोजून वाढेन तेवढाच. फळ नाही, गोड नाही, सॉस तर ताटाजवळ येऊ देत नाहीत. कोरडा मासा खातात, कुणीतरी शिक्षा दिल्यासारखा. आणि परवा परत तपासलं, तर साखर होती तिथेच! गोळ्या चालू आहेत, मलमपट्टी चालू आहे. मग ही येते कुठून?

तू आहाराचं शिकलीस. आपल्या घरात कॉलेजची पायरी चढलेली तू पहिली. मला एवढंच सांग, साखरेशिवाय संत्र्याचा सॉस होतो का? निदान चार घास तरी आवडीने खातील. मी लिहिलंय हे त्यांना कळू देऊ नकोस. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव.

तुझी मामी


९ मार्च

प्रिय मामी,

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग वही घेऊन बसले. कॉलेजची ती वर्षं तुमच्या बाहेरच्या खोलीत अभ्यास केला, मामा भटारखान्यातून आले की त्यांच्या सदऱ्याला संत्र्याच्या सालीचा वास यायचा. त्या वासाशिवाय मामा मला डोळ्यांसमोर आणताच येत नाहीत.

सॉस होतो. का नाही होणार? त्यात कर्बोदकं येतात तीन ठिकाणांहून. एक, साखर. दुसरं, संत्र्याचा रस. पेलाभर रसात पाचएक चमचे साखर असतेच, आणि मामा तो आटवतात म्हणजे ती आणखी दाट होते. तिसरं, दाटपणासाठी घातलेलं कॉर्नफ्लोअर. ही तिन्ही काढायची. वास मात्र सालीत असतो आणि सालीच्या किसात साखर नावापुरती. तेव्हा पाच संत्र्यांची साल किसून घे. त्यात लिंबाचा रस, थोडं व्हिनेगर, आलं, मीठ आणि पाणी घालून उकळ. दाट करायला दोन मोठे चमचे इसबगोल. झालं! मी हिशोब करून बघितलाय, वाटीभर सॉसमध्येही साखर अगदी किरकोळ.

आधी सांगू मात्र नकोस. नाव ऐकूनच मामा तोंड वाकडं करतील.

इथे इस्पितळाच्या आहार विभागात मी रोज बघते. माणसं "हे खाऊ नका, ते खाऊ नका" ऐकतात आणि मान खाली घालून घरी जातात. मग खायचं काय, हे त्यांना कुणी सांगत नाही. मी ते सांगायलाच शिकले गं. आणि माझ्याच मामांच्या ताटात कोरडा मासा असेल तर त्या शिकण्याचं काय करायचं?

मामांच्या पायाकडे रोज बघ. बोटाचा रंग बदलला तर पत्र लिहीत बसू नकोस, सरळ फोन कर.

तुझी भिंगरी


२० मार्च

प्रिय भिंगरी,

हसू नकोस म्हणजे सांगते.

तुझा सॉस केला. उकळताना वास असा सुटला, की खालच्या मजल्यावरच्या बाईने वर येऊन विचारलं, काय करताय. मला वाटलं, आपण जिंकलो. मग इसबगोल घातलं. ढवळता ढवळता पळी जड झाली. गॅस बंद करून झाकण ठेवलं, आणि मामा जेवायला बसेपर्यंत त्या पातेल्यात पळी उभी राहिली होती. आधाराशिवाय!

तरी वाढला. यांनी ताट जरा तिरकं केलं. सॉस हलला नाही. आणखी तिरकं केलं. मासा घसरला, सॉस तिथेच. मग जिभेच्या टोकाला लावून डोळे मिटले आणि म्हणाले, "हे कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला दे. पंक्चरला चांगलं आहे."

आणि कडू म्हणजे काय कडू! मी किसणीवर जोर लावला होता, सालीखालचं पांढरंही सगळं उतरलं त्यात. मी तोंड पाडून बसले, तर यांनी माझी समजूत काढायला तसलाच एक घास गिळला. वर म्हणाले, "मीठ बरोबर पडलंय." माणूस वाईट नाही गं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. काल परत तपासलं. साखर कमी तर नाहीच, थोडी वरच. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस वाट बघू, नंतर मात्र निर्णय घ्यावा लागेल. मी शपथेवर सांगते, घरात हे काही खात नाहीत. डबा मी भरते, रिकामा मी घासते. खिसेसुद्धा तपासले, देवाशपथ. रुमाल आणि हॉटेलची किल्ली, दुसरं काही नाही.

मला तर काही सुचेनासं झालंय.

मामी


२६ मार्च

प्रिय मामी,

आधी सॉसचं. दोष तुझा नाही. माझ्या भाड्याच्या खोलीत एक किटली आहे आणि एक इस्त्री, त्यामुळे तो सॉस मी फक्त वहीत केला होता. यापुढे न शिजवलेलं तुला पाठवणार नाही.

आता अवघड गोष्ट. मामी, तू रागावशील. पण जेवण मोजलेलं, गोळ्या वेळेवर आणि तरीही साखर वर, म्हणजे ती तोंडातूनच जातेय. आमच्याकडे उशीखाली बिस्किटं ठेवणारे आजोबा आहेत. औषधाच्या पिशवीत गूळ आणणाऱ्या एक बाई आहेत. सगळे छातीवर हात ठेवून सांगतात, काही खाल्लं नाही. मामा दिवसभर हॉटेलात असतात. समोर केक आहे, सरबतं आहेत. मला वाटतं, मामा आपल्याशी खोटं बोलताहेत.

मला हे लिहितानाही कसंतरी होतंय. पण बोट गेल्यावर खरं कळून काय उपयोग? तू एकदा अचानक हॉटेलात जाऊन बघ.

भिंगरी


२ एप्रिल

चि. पदवीधर भाचीस आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या मामीने मला मोठ्याने वाचून दाखवलं. तिच्यावर चिडू नकोस. तिच्या पोटात काही राहत नाही, हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून माहीत आहे. तो इसबगोलचा चिखल तुझा होता, हेही कळलं. त्याचा राग नाही. नवीन आचाऱ्याची पहिली कढई अशीच जाते. पण तू मला खोटारडं म्हणालीस.

तुझ्या मामाने आयुष्यात दोन गोष्टी केल्या नाहीत. शिळा सॉस वाढला नाही आणि घरच्यांशी खोटं बोलला नाही. माझा सगळा दिवस लिहितो. चोरी कुठे आहे ते तूच दाखव.

सकाळी बिनसाखरेचा चहा आणि उकडलेली अंडी. भटारखान्यात गेलो की संत्री पिळून रस आटायला ठेवतो. आमच्याकडे सॉस एकदम करून ठेवत नाहीत. दर ऑर्डरला ताजी कढई. रस, साखर, सालीचा किस, आलं, शेवटी पिठाचं पाणी. प्रत्येक कढईचा चमचा मी घेतो, कारण दोन संत्री सारखी नसतात. एक गोड निघतं, दुसरं आंबट, तिसरं नुसतंच पाणी. कमी वाटलं तर साखर घालतो आणि परत एक चमचा घेतो. माझ्या हाताखाली एक बाई आहे, आम्ही तिला लांबडी म्हणतो. तिचा हात अजून बसायचाय, म्हणून तिच्या कढईचाही चमचा मीच घेतो. आणि चाखलेलं गिळायचं. ही आमच्या वस्तादांची शिस्त. चाखून थुंकणाऱ्याला ते चुलीपाशी उभं राहू देत नसत. त्यात कारणही आहे. सालीचा कडूपणा जिभेवर कळत नाही, घशाखाली उतरताना कळतो.

दुपारी तुझ्या मामीचा डबा. मालक केक पुढे करतो, मी हात जोडतो. संध्याकाळपर्यंत परत कढया. पाय दुखतो म्हणून हल्ली दिवेलागणीला सुटतो. घरी येऊन मोजलेला भात.

एवढाच माझा दिवस. चाखणं सोडलं तर माझ्या तोंडात दुसरं काही जात नाही. लांबडीला विचार, मालकाला विचार.

आता सांग, कुठे आहे चोरी?

तुझा खोटारडा मामा


६ एप्रिल

प्रिय मामा,

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. "चाखणं सोडलं तर" इथे आले आणि घास हातातच राहिला.

तुम्ही खोटं बोलला नाहीत. मी तसं लिहिलं, मला माफ करा. तुम्ही रागावून का होईना, सगळा दिवस लिहिलात म्हणून मला दिसलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाता. मामीने विचारलं, काय खाता. मीही तेच. आणि तुम्ही खरं तेच सांगत राहिलात, कारण आचाऱ्याला चाखणं म्हणजे खाणं वाटतच नाही. मामी दिवसभर टाचण्या तोंडात धरते, पण मी टाचण्या खाते असं ती म्हणेल का? पण मामा, टाचणी ती परत काढते. तुमचा चमचा पोटात जातो.

मला खात्री नाही. म्हणून हुकूम करत नाही, एक मागणं मागते. उद्या कामाला जाताना एक रिकामी बरणी न्या. नेहमीसारखं काम करा, काही बदलू नका. फक्त जेव्हा जेव्हा चमचाभर सॉस तोंडात घालाल, तेव्हा तेवढाच आणखी एक चमचा त्या बरणीत टाका. लांबडीताईंच्या कढईचासुद्धा. विसरू नका आणि चोरू नका. संध्याकाळी बरणी घरी न्या आणि मामीसमोर टेबलावर ठेवा.

बरणीचा तळच जेमतेम झाकला गेला, तर मी रजा काढून येईन आणि तुमच्यासमोर बसून वाटीभर इसबगोलचा सॉस खाईन. पळी उभी राहणारा.

तुमची
भिंगरी


१५ एप्रिल

प्रिय भिंगरी,

तुला तो सॉस खावा लागणार नाही.

मामा आले ते बरणी पिशवीतून न काढताच खुर्चीत बसले. मी म्हटलं, बघू. म्हणाले, "थांब." पाय धुतले, पट्टी बदलली, दिवा लावला. मग पिशवीतून बरणी काढली. लोणच्याची मोठी बरणी गं ती, मीच दिली होती. झाकणापर्यंत भरलेली. मी म्हटलं, बाई गं. तर म्हणाले, "अजून आहे," आणि पिशवीतून पाण्याचा पेला काढला. वर कागद बांधलेला. तोही अर्धा.

नारिंगी रंग, दिव्यात कसा चमकत होता. आम्ही दोघं समोर बसून बघत राहिलो. मी घरात यांच्या भाताची शितं मोजत होते, आणि हे रोज हे एवढं! मग म्हणाले, "हे सगळं मी गिळतो?" मी म्हटलं, रोज. म्हणाले, "आणि तू चहातली साखर काढलीस."

हसतील असं वाटलं. हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, चाखणं बंद, आजपासून. साखर खाली येईल तशा गोळ्याही बदलू. हे तिथून निघाले ते सरळ हॉटेलात गेले आणि मालकाच्या हातात पळी दिली. म्हणाले, न चाखता सॉस करणं म्हणजे न बघता गाडी चालवणं, ते माझ्याकडून व्हायचं नाही. त्यांची जागा आता लांबडी बघते. ती रडत होती म्हणे.

तेव्हापासून हे घरी आहेत. पायाला आराम आहे, हे खरं. साखरही उतरायला लागलीय, तेही खरं. पण भिंगरी, यांना काही बोलायचंच उरलेलं नाही. काल भाजी जळाली, समोर बसलेले असून यांना वास आला नाही. आला असेल, पण उठले नाहीत. मी मुद्दाम भाजीत दुप्पट मीठ घातलं. गप जेवले! त्यांनी मला काही बोलावं म्हणून मी खारट भाजी खाल्ली, आणि बोलले नाहीत ते नाहीतच.

पाय वाचेल गं. पण त्या पायावर उभं कोण राहणार?

मामी


१९ एप्रिल

प्रिय मामा,

तुम्ही पळी परत केलीत हे कळलं. मी तुम्हाला चाखणं सोडायला लावलं, हा विचार डोक्यातून जात नाही. मला फक्त बोट वाचवायचं होतं. तुम्ही त्या बोटापेक्षा बरेच मोठे आहात, हे मी बघितलंच नाही.

पण माझं एक काम अडलंय. आमच्या वॉर्डात एक काकू आहेत, बोटीवर तिकिटं तपासायच्या. त्यांनाही साखरेचाच त्रास. त्यांना रोज उकडलेला मासा जातो आणि जसाच्या तसा परत येतो. काल मी विचारलं, काकू, का हो? म्हणाल्या, "बाई, हा मासा मेलाय हे त्यालाही माहीत आहे." सगळा वॉर्ड हसला. मी हसले आणि मग जिन्यात जाऊन उभी राहिले. माझ्या वहीत त्या माशाचे सगळे आकडे बरोबर आहेत.

मला एक सॉस हवाय, मामा. साखर नाही, मध नाही, गूळ नाही, पीठ नाही. संत्र्याचा रस शिंपडण्यापुरता. साल हवी तितकी, फक्त वरची रंगीत, पांढरं आलं की घात होतो हे आता मला माहीत आहे. आंबट, खारट, तिखट, कडू यांना मनाई नाही. लोणी आणि अंडं चालेल, बेताने. असा सॉस दिवसभर चमच्याने चाखलात तरी पोटात साखर जाईल ती नावापुरती. मी तुमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. ते म्हणाले, असला सॉस असेल तर चाखू दे, वर मलाही पाठव.

हिशोब मी करीन. तुम्ही प्रत्येक वेळी काय घातलंत ते लिहून पाठवा, मी साखर किती ते सांगेन. पण चव हिशोबातून येत नाही आणि माझ्याकडे तुमची जीभ नाही. स्टुलावर बसून करा. बसून होत नाही म्हणालात ना? मग बसून कसा करायचा, तेही शोधा.

तुमच्यासाठी नाही मागत. तिकीटवाल्या काकूंसाठी मागतेय.

भिंगरी


११ मे

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तू मला फसवून कामाला लावलंस, हे मला कळलं नाही असं समजू नकोस. तरीही त्या काकूंचा मासा माझ्या डोक्यातून जाईना. कुणाचं ताट परत जातंय, हे मला ऐकवत नाही.

स्टुलावर बसतो. पाय दुसऱ्या स्टुलावर. तुझी मामी मला 'महाराज' म्हणते आणि संत्री आणून देते. पहिल्यांदा बिनसाखरेच्या गोडव्याचे थेंब आणले, औषधाच्या दुकानातले. गोड लागतात, पण मागून जिभेवर पत्रा ठोकल्यासारखं होतं. फेकले. मग व्हिनेगर. ते सालीशी भांडतं. मग अंड्याचा बलक. दाट झाला, पण आच जरा जास्त लागली आणि सॉसची अंडाभुर्जी झाली. ती मामीने खाल्ली. तिचं वजन वाढलं तर तुझ्यावर.

आठवडाभर काही जमेना. मला साखरेसारखी गोडी हवी होती आणि ती साखरेशिवाय येईना. चिडून मामीला म्हटलं, ते लिंबू तरी काप. तिने कापलं, गरम तव्यावर उपडं ठेवलं. का ठेवलं देव जाणे, ओटा भरला होता म्हणते. तेवढ्यात दारात कुणीतरी पँटची लांबी कमी करायला आलं आणि बाई गेल्या मापं घ्यायला. तिकडे गप्पा, इकडे लिंबू काळं. मी पाय खाली घेऊन उठेपर्यंत धूर. ओरडणार होतो. पण नाकात वास गेला आणि तोंड उघडंच राहिलं. जळक्या लिंबाचा वास आंबट नसतो, भिंगरी. भाजल्या साखरेच्या वाटेवरचा असतो, आणि तोंडाला खरपूस. एवढी वर्षं चुलीपाशी उभा राहिलो आणि कधी लिंबू जाळलं नाही. आमच्यात जाळलं की बोलणी बसायची.

आता लिहून घे. माशाचं डोकं आणि काटे, आलं, ठेचलेली मिरी पाण्यात मंद उकळायचं, गाळायचं, एक चतुर्थांश उरेपर्यंत आटवायचं. दोन लिंबं आणि फक्त अर्धं संत्रं कोरड्या तव्यावर कापल्या बाजूने काळं करायचं, आणि पिळायचं त्या आटलेल्या पाण्यात. चिमूटभर मोहरीची पूड. गॅस बंद. बंदच, बारीक नव्हे. आता गार लोण्याचे छोटे तुकडे एकेक करून, कढई गोल फिरवत. लोणी वितळायला नको, मिसळायला हवं. पीठ न घालता सॉस चमच्याला धरतो. आणि सगळ्यात शेवटी सालीचा किस, मिठाबरोबर बोटांनी चोळून. आधी घातला तर वास चुलीला जातो, खाणाऱ्याला नाही. शेवटी घातला की नाकाला संत्रं आधी कळतं, आणि जीभ फसून गोडी आली म्हणते.

चाखला. गिळला. घशाशी थोडा कडू उतरला, हवा तेवढाच. मी मामीला हाक मारली, तर ती माप द्यायला आलेल्या बाईला घेऊनच आत आली. दोघींनी बोटं चाटली.

आता हिशोब कर आणि सांग, मला किती चमचे माफ.

मामा


२० मे

प्रिय मामा,

हिशोब केला, दोनदा. मग आमच्या मुख्य बाईंना करायला दिला. चमच्यात साखर इतकी थोडी, की बाई म्हणाल्या, "हा सॉस नुसता वहीत ठेवू नका, शिजवायला घ्या." दिवसभर चाखा. लोणी आहे म्हणून चमचा लहान घ्या, एवढंच.

आहार विभागाच्या स्वयंपाकघरात मी स्वतः केला. पहिल्यांदा लोणी वितळलं, गॅस बारीक ठेवला होता. तुम्ही लिहूनही! दुसऱ्यांदा जमला. तिकीटवाल्या काकूंच्या माशावर घातला आणि पडद्याआड उभी राहिले. त्यांनी वास घेतला. चष्मा लावून ताटात बघितलं. मग खाल्लं. ताट परत आलं तेव्हा त्यात काटे होते, फक्त काटे. मला म्हणाल्या, "हा कुणी केला? तू नाहीस." मी म्हटलं, माझे मामा. म्हणाल्या, "मग त्यांना इथे भरती कर."

तुमची पायाची तपासणी कधी आहे? मामीला विचारलं तर ती विषय बदलते. मला खरं ते कळवा. काहीही असलं तरी.

भिंगरी


१४ जून

चि. भिंगरीस आशीर्वाद.

मामीने तारीख लपवली, कारण तुला रजा मिळणार नव्हती आणि तू तिथे नखं खात बसली असतीस. तपासणी काल झाली.

त्याआधीचं सांगतो. मी परत कामावर जातो, उंच स्टुलावर बसून. मालकाने ते करून घेतलं. आता पाटीवर दोन सॉस आहेत. जुना आणि जळक्या लिंबाचा. नवा मी चाखतो. जुना लांबडी चाखते, आणि मीच तिला सांगितलं, गिळू नकोस, थुंक. वस्तादांनी ऐकलं असतं तर मला दारात उभं केलं नसतं. पण तिचे दोन्ही पाय धड आहेत आणि ते तसेच राहिले पाहिजेत. ती थुंकते तेव्हा मी खिडकीकडे बघतो. हळूहळू सवय होईल.

परवा आठवण आली म्हणून पुन्हा बरणी नेली. तीच. चाखलं की एक चमचा बरणीत, नव्या सॉसचा. बरणी फ्रिजमध्ये ठेवत होतो. संध्याकाळी भरली तशी घरी आणली आणि मामीसमोर ठेवली. ती घाबरली. मी म्हटलं, अगं, ही खायची आहे. थोडं गरम पाणी घालून घोटला, परत नीट आला. माशावर घालून दोघं जेवलो. खालच्या बाईलाही वाटीभर दिला. मी ताट पुसून खाल्लं. कितीतरी महिन्यांनी.

काल डॉक्टरांनी पट्टी सोडली, बोट दाबून बघितलं. मग म्हणाले, "भरत आलंय. हे बोट ठेवू या आपण." बाकी विशेष काही नाही. पट्टीच्या औषधाच्या वासाने डोळ्यांत जरा पाणी आलं, तेवढंच.

रजा मिळाली की ये. संत्री आणू नकोस, इथे आहेत. लिंबं आण. तव्यापाशी तुला उभी करतो.

मामा

ता. क. — भिंगरे, हे पाकिटात घालण्याआधी मी वाचलं. डॉक्टरांकडे मी शेजारीच बसले होते. त्या औषधाला कसलाही वास नाही. तुझे मामा आता मात्र खोटं बोलायला लागलेत.

— मामी